रबरात माया ठेवत नाहीत

"हे कुठल्या शहाण्याने लावलंय?" दुरुस्तीवाल्याने विचारलं आणि आपलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोटाला काळं, चिकट काहीतरी लागलं होतं. दुसऱ्या बोटाने त्याने ते ओढून दाखवलं, तर त्याची तार निघाली. "हे रबर आहे. म्हणजे होतं. पेट्रोलियम जेली लावलीय कुणीतरी, आणि तीही वर्षानुवर्षं. अहो काका, रबराला जेली लावतात का? खाते ती रबराला. ओठांना लावायची वस्तू ती. रबर म्हणजे काय बायकोचे ओठ वाटले?" आणि तो हसला. हसता हसता त्याने ते बोट चिंधीला पुसलं. तो वाईट मनाने हसला नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त ती चिंधी दिसत होती, आणि तो बोट किती जोराने घासतोय ते दिसत होतं. मी म्हणालो, "मी लावलं." "तुम्ही?" "मी. दर रविवारी." "मग काका, इतक्या प्रेमाने एखाद्या वस्तूची वाट लावलेली मी तरी आजवर पाहिली नाही," असं म्हणून त्याने चहाचा पेला तोंडाला लावला. मी झाकण मिटलं, खटका दाबला, नळी गळ्यात अडकवली आणि मशीन दोन्ही हातांनी उचलून दुकानाबाहेर पडलो. "अहो, ठेवून जा, बघतो काहीतरी," असं तो मागून ओरडत होता. मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर त्याचा पेला फोडला असता.

मशीन काही हलकं नाही. जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे, जाड पत्र्याचा, राखाडी रंगाचा, लांबट, पोटाखाली घसरायला दोन पट्ट्या. चाकं नाहीत. पुढे गोल झाकण आणि त्या झाकणातून निघालेली नळी, तिच्यावर विणलेल्या सुताचं आवरण. आमच्या घरात त्याला हत्ती म्हणतात. म्हणजे म्हणायचे. ती म्हणायची, म्हणून आम्ही सगळे म्हणायचो. रस्त्यावर लोक माझ्याकडे बघत होते. गळ्यात सोंड घालून, घामाघूम होऊन चाललेला म्हातारा, बघणारच. एका बाईने वाट सोडली आणि म्हणाली, "आजोबा, रिक्षा करा की." मी म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय?" ती बिचारी खाली मान घालून पुढे गेली. मला हल्ली असंच होतं. कोणी चांगलं बोललं की अंगाला आग लागते. वाईट बोललं तर निदान भांडता येतं. बायको गेली तेव्हा घरी आलेली माणसं एकजात चांगलं बोलत होती. सुटल्या हो. शांतपणे गेल्या. तुम्ही खूप केलंत. शांतपणे गेल्या असं म्हणणाऱ्याला मी विचारलं, तुम्ही तिथे होता का? तो म्हणाला, नाही, म्हणजे मी ऐकलं. ऐकलं! मी तिथे होतो. जिना चढताना मी हत्तीला मध्येच पायरीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसलो. झाकणाच्या फटीतून काळा चिकटा बाहेर आला होता आणि माझ्या शर्टाला लागला होता. तो मी पुसला नाही.

एका मोठ्या हॉटेलात वरच्या मजल्यांची साफसफाई तिच्याकडे होती. लांबच लांब गालिचे, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि त्यांच्या मधून हत्तीला सोंडेने ओढत जायचं. हॉटेलाने नवी मशीनं घेतली तेव्हा जुनी मागच्या अंगणात काढून ठेवली, आणि तिने त्यातलं एक मागून घेतलं. तेही असंच रस्त्याने आणलं होतं, पण तिने ते सोंडेला धरून घसपटत आणलं होतं, आवाज करत, आणि आमच्या गल्लीतली पोरं मागून ओरडत होती, हत्ती आला, हत्ती आला. दारात येऊन म्हणाली, "अहो, सरका, पाहुणा आलाय." तेव्हापासून दर रविवारी दुपारी घर झाडून झालं की ती जमिनीवर पाय पसरून बसायची, हत्तीचं झाकण उघडायची, आणि कपाटातून ती चपटी डबी आणायची. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराचं कडं असतं, हवा कुठून निसटू नये म्हणून. तिच्या भाषेत वायसर. नळाचं वायसर, कुकरचं वायसर, हत्तीचं वायसर. बोटावर जेली घेऊन ती त्या वायसरावरून गोल फिरवायची, सावकाश, खालच्या बिजागरीपासून सुरू करून पुन्हा बिजागरीपर्यंत. आणि बोटावर जे उरेल ते स्वतःच्या ओठांना. "आधी त्याला, मग मला," असं म्हणायची. मुलगा लहान होता तेव्हा तो ओठ पुढे काढून समोर बसायचा, मग तिसरा नंबर त्याचा. मी म्हणायचो, "आणि माझं काय?" "तुमचं तोंड सदा ओलंच असतं, बडबडून."

तर हे तिने केलं होतं. घरी येऊन हत्तीला टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि पहिला राग आला तो तिचाच. कोणी सांगितलं होतं तुला? एवढ्या मोठ्या हॉटेलात जन्म काढला आणि एवढं कळू नये? शेवटची काही वर्षं हत्ती शीळ घालायला लागला होता. झाकणाच्या फटीतून हवा निसटायची आणि बारीक, चिडकी शीळ वाजायची. ती गुडघ्याने झाकण दाबून धरायची आणि दुसऱ्या पायावर उड्या मारत झाडायची. म्हणायची, "तोंड कोरडं पडलंय त्याचं." आणि पुढच्या रविवारी आणखी जेली. शीळ वाढली की जेली वाढायची, जेली वाढली की शीळ वाढायची. आणि मी टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होतो आणि मला वाटत होतं, किती निगा राखते ही. आता त्या कड्याला हात लावला तर ते हातात येत होतं. बिजागरीपाशी, जिथून ती सुरुवात करायची, तिथे ते सगळ्यात जास्त गेलं होतं. नुसता लगदा झाला होता. मी ते सुटं करायला लागलो तर तारा निघाल्या, आणि माझी बोटं एकमेकांना चिकटली. मी ओरडलो. घरात कोणी नव्हतं, तरी ओरडलो. तिच्यावर ओरडायचं तर कुठे बघून ओरडायचं हेही समजेना. शेवटी हत्तीकडे बघून ओरडलो.

मुलाने सांगून ठेवलं होतं की रविवारी तो आणि सूनबाई नवीन मशीन घेऊन येतील आणि जाताना हत्तीला घेऊन जातील. "बाबा, त्याचा आवाज ऐकवत नाही. धूळ ओढत नाही ते, उडवतं. तुम्हाला खोकला आहे." मुलगा वाईट नाही. आईच्या साड्या त्याने आणि सूनबाईने एका दुपारी घड्या घालून नेल्या, तेव्हाही त्याने मला विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो. कपाट रिकामं झाल्यावर मला कळलं की मी कशाला हो म्हणालो. मग चष्मा गेला, चपला गेल्या, तिची उशी धुवायला म्हणून गेली आणि परत आली ती दुसऱ्याच वासाची. प्रत्येक वेळी त्याने विचारलं आणि प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. हत्तीबद्दल मी एवढंच म्हणालो, "तो चालला तर राहील." तो म्हणाला, "चालला तर राहू दे, पण बाबा, तो चालणार नाही." तो खरं बोलत होता, म्हणून तर मी हत्तीला घेऊन त्या दुकानात गेलो होतो. आणि तिथे तो माणूस मला विचारतो, रबर म्हणजे काय बायकोचे ओठ वाटले?

तिचे ओठ. हॉस्पिटलात ऑक्सिजनने ते कोरडे पडले होते. तोंडावर तो मास्क, त्यातून दिवसरात्र सू सू करत वारा येतो, कोणाचे ओठ कोरडे पडणार नाहीत? आधी पांढरे झाले, मग सालं निघाली, मग चिरा पडल्या. बोलताना चिरेतून रक्त यायचं, म्हणून ती बोलायची नाही, आणि न बोलणारी बाई ती नव्हती. एकदा तिने मला खुणेने जवळ बोलावलं, मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाली, "अहो, हत्तीचं औषध आणा." मला हसू आलं. तीही हसायला गेली आणि चीर उलली. मी घरी आलो, ती चपटी डबी घेतली, पुन्हा गेलो, आणि ती हत्तीला लावायची तसं तिच्या ओठांना लावलं. एका कोपऱ्यापासून सुरू करून गोल पुन्हा त्याच कोपऱ्यापर्यंत. ती डोळे मिटून पडली होती. बोटावर उरलं ते काय करावं मला कळेना. मी ते माझ्या ओठांना लावलं. तिने डोळा किलकिला केला आणि म्हणाली, "आता आला तुमचा नंबर."

मग नर्स आली. तिने मास्क उचलला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे कोणी लावलं?" माझ्या खिशातून डबी वर आलेली दिसत होती. माझे ओठ चकाकत होते. बायकोच्या दोन्ही हातांना सुया होत्या, चिकटपट्ट्या होत्या, चमचासुद्धा तिला उचलता येत नव्हता. आणि ती म्हणाली, "मी लावलं." नर्सने माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "आजी, ऑक्सिजन चालू असताना असलं तेलकट काही लावायचं नसतं. पेट घेईल. तुम्हाला कळायला नको?" शेवटचं वाक्य मला होतं. मग नर्सने कापसाचा बोळा घेतला आणि तिचे ओठ पुसले. घाईत होती. तिच्या वाट्याला किती खाटा होत्या देव जाणे. पण ती जोराने पुसत होती, टेबलावरचा डाग पुसावा तसे, आणि बोळा लाल झाला, आणि ती म्हणाली, "झालं," आणि मास्क खाली सोडला. मी तिथे उभा होतो. आणि काही बोललो नाही असं नाही. मी विचारलं, "मग काय लावू?" नर्स म्हणाली, "काही लावू नका," आणि पुढच्या खाटेकडे गेली.

काही लावू नका. हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. तिचं बरोबर असेल. पेट घेत असेल, मी नाही म्हणत नाही. पण मला सांगा, जगात इतकी औषधं आहेत, गुडघ्याला वेगळं, घोट्याला वेगळं, आणि कोरड्या ओठांना लावायला काही नसेल? असणार. कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी कप्प्यात नक्की असणार. फक्त ते आम्हाला सांगायला कोणी थांबलं नाही. सगळ्यांना काय करू नका ते ठाऊक होतं. उशी उंच करू नका. पाणी देऊ नका. गर्दी करू नका. काही लावू नका. मी काही लावलं नाही. शेवटपर्यंत. ओला बोळा फिरवायचो, तो फिरवेपर्यंत वाळायचा. ती मागायची नाही. फक्त एकदा माझ्या खिशाकडे पाहिलं होतं, जिथे डबी होती, आणि मग मान फिरवली होती, मला त्रास नको म्हणून. मास्कच्या आत ओठ मिटायचे नाहीत आता, उघडेच राहायचे, आणि सू सू. सू सू. हत्तीची शीळ ऐकली की मुलाला त्याचा आवाज ऐकवत नाही म्हणे. मला काय ऐकू येतं ते मी त्याला सांगितलेलं नाही.

मी आयुष्यभर कपडे कापले. शिवले नाहीत, कापले. कारखान्यात कापडाच्या थप्प्या लावून त्यावर मोठी कात्री चालवायची, तो मी. तेव्हा म्हटलं, एक रबराचं कडं कापता येणार नाही? रबराच्या वस्तूंच्या दुकानातून जाड काळा तुकडा आणला. जेवणाच्या टेबलावर पसरला. जुन्या कड्याचे जेवढे तुकडे निघाले ते कागदावर जुळवून गोल केला, खडूने रेघ मारली, आणि कापलं. कात्री रबरात अडकते. कापड कात्रीपुढे पळतं, रबर कात्रीला धरून ठेवतं. पातं आणलं, त्याने कापलं. कड तिरपी झाली. पुन्हा कापलं. अंगठा कापला. रक्ताचा थेंब रबरावर पडला तो तसाच राहिला, शोषला गेला नाही. कापडाने शोषला असता. एकदाचं गोल कडं झालं, ते मी झाकणात बसवलं, झाकण मिटलं. झाकण मिटेना. दाबलं. मिटेना. गुडघा ठेवला, तिच्यासारखा. खटका लागला आणि मी हात काढताच फटकन उघडला आणि माझ्या मनगटावर बसला. मग मी काय केलं ते सांगायला मला लाज नाही. मी हत्तीला लाथ मारली. टेबलावर ठेवलेल्या वस्तूला लाथ मारायला पाय किती वर उचलावा लागतो, ते माझ्या वयात करून पाहावं. मी पडलो. पडल्यावर जमिनीवरच बसून राहिलो, पाय पसरून, ती बसायची तिथेच, आणि तोंडाला येईल ते बोललो. डॉक्टरला बोललो, नर्सला बोललो, त्या दुकानदाराला बोललो, ज्याने हॉटेलातून ही भानगड बाहेर काढली त्याला बोललो. तिलाही बोललो. ऐकायला नसलेल्या माणसाला शिवी देणं फार वाईट. ती परत येत नाही, अंगावर तर येतच नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण आणि नवं कडं पिशवीत घालून पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुसरं दुकान शोधायला हवं होतं, पण मला त्याच्याशीच बोलायचं होतं. भांडायचं होतं म्हणा. तो एका पंख्याचं पोट उघडून बसला होता, बाजूला रेडिओ खरखरत होता. मला पाहून म्हणाला, "या. राग गेला का?" मी म्हणालो, "नाही." "बरं, मग रागातच बसा. काय आणलंय?" मी कडं पुढे केलं. त्याने ते डोळ्यांपाशी धरून फिरवलं. "कापलंय छान. कडेला काय लबाडी केलीत?" "लबाडी कसली. थोडी माया ठेवलीय." "काय ठेवलीय?" "माया. कडेला जास्तीचं. कपड्यात शिवणीच्या आत ठेवतात ते." तो हसला, पण ह्या वेळी तोंड फिरवून हसला. "काका, रबरात माया ठेवत नाहीत. रबर नेमकं लागतं. नेमक्याहून जरा कमीच. ओढून बसवायचं, ताणावर राहिलं पाहिजे. ताण असला तरच ते धरून राहतं. माया ठेवलीत तर सुरकुती पडणार आणि तिथूनच हवा जाणार."

माझ्या हाताची सवय आहे ती. कारखान्यात मुकादम ओरडायचा, एवढी माया ठेवलीस तर आपलं दिवाळं निघेल. तिचे सगळे कपडे मी घरी कापायचो आणि आत भरपूर माया ठेवायचो, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतात. ती मैत्रिणींना सांगायची, "ह्यांनी कापलेल्या कपड्यात बाईने बिनधास्त खावं." कधी सैल करावेच लागले नाहीत. उलट आजारपणात ती आटत गेली तसे मी एकेक गाऊन आत घेत गेलो, आणि आत घेतलेलं सगळं पुन्हा त्या मायेत जमत गेलं, शेवटी शिवणीच जाड झाल्या आणि तिला टोचायला लागल्या. ते आठवलं आणि मी त्याच्या बाकावर बसलो.

"आणि माप कशावरून घेतलंत?" त्याने विचारलं. "जुन्या वायसरावरून." "ते फुगलेलं आहे. इतकी वर्षं जेली पिऊन फुगलंय. त्याचं माप खोटं. ही खाच बघा, झाकणाची. ते जिथे बसायचं ती जागा. जागा फुगत नाही. जागेचं माप घ्या." त्याने दोरी घेतली, खाचेत फिरवली, गाठ मारून मला दिली. मी ती खिशात ठेवली. मग विचारलं, "बसवताना काय लावायचं?" तो म्हणाला, "काही लावू नका. कोरडंच बसवा."

आणि मी उठलो. मी त्याच्यावर इतक्या जोराने ओरडलो की रस्त्यावरचा माणूस थांबला. "कोरडंच का म्हणून? काही लावू नका, काही लावू नका, सगळे हेच! काय लावायचं ते एकालाही सांगता येत नाही? एवढं दुकान घालून बसलायत, ऑक्सिजन चालू असलेल्या माणसाच्या ओठांना काय लावतात, सांगा. सांगा ना. चिरा पडल्यात, रक्त येतंय. काय लावायचं?" हातातला पेचकस त्याने खाली ठेवला. रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "मला नाही माहीत, काका."

इतक्या महिन्यांत मला असं म्हणणारा तो पहिला माणूस. मला नाही माहीत. मी खाली बसलो. माझ्या हातात ते कडं होतं आणि मी ते पिळत होतो. तो पंख्याच्या पात्यावरची धूळ बोटाने काढत होता. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "जेली तुम्ही नव्हती लावली ना?" मी म्हणालो, "मीच लावली." तो म्हणाला, "बरं. तुम्हीच." आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला. चहा वाईट होता. मी प्यालो.

शनिवारी दोरीच्या मापाने कापलं. नेमकं, आणि नेमक्याहून जरा कमी. हात सारखा बाहेरून जायला बघत होता, त्याला मी मनगटाला धरून आत वळवला. कडं ओढून खाचेत बसवलं, बिजागरीपासून सुरू करून. झाकण मिटलं. खटका टक करून लागला, हातानेच, गुडघा न लावता. बटण दाबलं. शीळ आली नाही. मी वाट पाहिली, आता येईल, मग येईल. आली नाही. पोटातून जाड, भरीव घरघर आली, आणि मला तो आवाज आठवला, पहिल्या रविवारचा, ती म्हणाली होती, बघा कसा घोरतोय, तुमचाच भाऊ. सोंड गालिच्यावर टेकवली तर त्याने गालिचा धरला. सोडेना. मी ओढलं तर गालिचाच उचलला गेला. इतका जोर त्याच्यात होता आणि इतकी वर्षं तो सगळा त्या फटीतून वाया जात होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी बटण बंद केलं. शीळ नसलेल्या घरात मी बसलो होतो, आणि मला वाटलं, आता तीही गेली.

रविवारी मुलगा आणि सूनबाई आले. नवं मशीन खोक्यातून काढलं. लाल, हलकं. "बाबा, बघा, वजनच नाही," मुलगा म्हणाला. मी म्हणालो, "मग ते जमिनीवर राहतं कसं?" सूनबाई हसली. मग मी हत्तीला चालवून दाखवला. मुलगा ऐकत राहिला. वाकून त्याने सोंडेपुढे तळवा धरला आणि तळवा आत खेचला गेला, लहानपणी धरायचा तसा. "कमाल आहे," तो म्हणाला. "तुम्ही केलंत हे?" "मी." "मग राहू दे. चालतोय तर राहू दे." सूनबाईने नवं मशीन पुन्हा खोक्यात घालायला सुरुवात केली आणि मुलाने हत्तीचं झाकण उघडलं, मी काय केलंय ते बघायला. कड्यावरून त्याने बोट फिरवलं आणि थांबला. बोट वर केलं. बोट चकाकत होतं.

"हे काय चिकट? जेली? बाबा, हे कोणी लावलं?"

"मी लावलं."

"रबर खराब होतं ह्याने. त्या माणसाने सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. खराब झालं की दुसरं कापीन. माप आहे माझ्याकडे."

तो बोट कशाला पुसावं म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. सूनबाईने खोक्यातला कागद फाडून पुढे केला.

"पुसू नकोस," मी ओरडलो. दोघंही दचकली. मला एवढ्या मोठ्याने बोलायचं नव्हतं, पण आवाज तसाच आला, आणि मी तो आवरला नाही. "पुसायचं नाही. माझ्या घरात ते कोणी पुसायचं नाही."

कागद सूनबाईच्या हातात तसाच राहिला. मुलगा बोट अंगापासून लांब धरून उभा होता, कुठे ठेवावं ते न कळून. त्याची नजर हत्तीच्या उघड्या तोंडाकडे गेली, मग जमिनीवरच्या चपट्या डबीकडे, आणि त्याचा चेहरा एकदम लहान झाला.

"आधी त्याला लावून झालंय," मी म्हणालो. "आता लाव."